रिकामा डोंगा

भादव्याचे दिवस आले की शेजारची सूनबाई फोन घेऊन माझ्याकडे येते. पुलावर उभं राहून कुणीतरी नदीचा व्हिडिओ काढलेला असतो. तांबडं पाणी, त्यात मुळासकट वाहत आलेलं एखादं झाड, कठड्याला रेलून उभी असलेली माणसं. "मावशी, पाहा ना, तुमच्या गावची नदी." मी म्हणते, चष्मा कुठं ठेवला कोण जाणे. चष्मा माझ्या गळ्यातच लोंबत असतो. तिला तो दिसतो, पण पोर समजदार आहे, काही बोलत नाही. चहा पिऊन निघून जाते.

तिला वाटत असेल, म्हातारीला पाण्याची भीती वाटते. भीती नाही वाटत. लाज वाटते. भरल्या वर्गात कुणी आपल्या बापाचं नाव हसत हसत घेतलं की जशी मान खाली जाते, तशी भरलेली नदी पाहिली की माझी मान खाली जाते. यवतमाळात राहायला येऊन चाळीस वर्षं झाली, शाळेतली नोकरी संपली, केस पांढरे झाले. तरी भादवा आला की मी दहा वर्षांची होते आणि खालच्या घाटावर राखेनं भांडी घासत बसलेली असते.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं. नदीपलीकडे दुसरा जिल्हा. भादव्यात आमच्याकडे ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पिवळी फुलं येतात आणि दुसऱ्या दिवशी ती गुलाबी होऊन गळतात. अंगणाअंगणात मुगाच्या शेंगा वाळत पडलेल्या असतात. पोळा होऊन गेलेला असतो, पण बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून पुरता उडालेला नसतो. आणि सगळ्यावर तरोट्याचा तो उग्र, हिरवा वास. आजही कुठल्या मोकळ्या प्लॉटवर तरोटा माजलेला असला की मी पदर नाकाला लावते. लोकांना वाटतं, वास सहन होत नाही.

त्या दिवसांत राळेगावकडचा रस्ता चिखलानं बंद व्हायचा. गाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. मग बाजार, दवाखाना, मोठी शाळा, मजुरी, जे काय असेल ते नदीपलीकडे. पलीकडच्या शेतांत निंदणाला बाया लागायच्या आणि आमच्या वस्तीतल्या बाया रोज नदी ओलांडून जायच्या. गावाचा डोंगा, म्हणजे फळ्यांची नाव, महादेव ढीवर चालवायचा. उंच, काळा, कमी बोलणारा माणूस. वरच्या घाटाहून डोंगा सुटायचा, सगळं गाव त्यात बसायचं. आम्हीही बसायचो, मागच्या टोकाला, अंग चोरून. पण बसायचो.

छप्पन साली माझा बा वस्तीतल्या लोकांसंग नागपूरला पायी गेला आणि दीक्षा घेऊन आला. त्याचं नाव तुळशीराम. परत आला तेव्हा त्याच्या टाचा फुटलेल्या होत्या आणि चेहरा असा होता की माय त्याच्याकडे पाहतच राहिली. त्यानंतर वस्तीनं गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावात बैठक झाली. कुणी आरडाओरड केली नाही, मारामारी केली नाही. फक्त महादेवला सांगण्यात आलं की यांना डोंग्यात घ्यायचं नाही.

महादेवनं ते ऐकलं. त्याचं वर्षाचं धान्य गावाच्या खळ्यांवरून यायचं.

एक पावसाळा आम्ही नदीच्या अलीकडेच अडकून काढला. कसा काढला ते मायला विचारावं लागायचं आणि ती सांगायची नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात वस्तीच्या कडेचा मोठा आंबा तोडला. आमच्यापैकी प्रत्येकाच्या कैऱ्या त्या झाडावरच्या. त्याच्या फळ्या पाडल्या, राळेगावच्या एका मुसलमान मिस्त्रीनं येऊन डोंगा जोडून दिला, फटींत चिंध्या ठोकून वरून डांबर लावलं. तो डोंगा पाण्यात उतरवला त्या दिवशी बाया गाणी म्हणत होत्या आणि आम्ही पोट्टे डांबर लागलेले हात एकमेकांच्या तोंडाला पुसत होतो.

चालवायचा कुणी? आमच्यात नावाडी कुणी नव्हता. बाला पोहता यायचं, म्हणून बा. तो मुळात शेतमजूर. वखर धरणारा हात, त्यात बांबू आला. पहिले काही दिवस डोंगा गोल गोल फिरायचा आणि बायांची हसून मुरकुंडी वळायची. मग त्याला जमायला लागलं. काठाजवळ आणि उथळावर बांबू टेकवत न्यायचा, खोल पाण्यात वल्हं मारायचं. सकाळी बाया सोडून तो रिकामा परत यायचा, संध्याकाळी पुन्हा आणायला जायचा. मी घाटावरून पाहायची. रिकाम्या डोंग्यात उभा असलेला माझा बा मला फार मोठा वाटायचा. तो एकटा का असतो, हे काही माझ्या मनात यायचं नाही.

तो एकटा असायचा, कारण गावातलं कुणी आमच्या डोंग्यात बसत नव्हतं. आता हे लिहिताना किती सोपं वाटतं. डोंग्यातून एकटा माणूस पाण्यात पडला तर त्याच्यासाठी बांबू पुढं करणारं कुणी नसतं. डोंगा वळवणारं कुणी नसतं. डोंगा हलका होतो आणि माणसाला मागे टाकून पळतो. कितीही पोहता येत असो, वाहत्या डोंग्याच्या मागे पोहून कुणी पोचत नाही. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा फक्त दिसलं.

दुपार होती. रात्री वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस झालेला, नदी चढलेली. पाणी थोडं ओसरायची वाट पाहून माय इतर बायांसंग उशिरानंच पलीकडे निंदणाला गेली होती आणि बा त्यांना सोडून परत निघाला होता. नंतर तिनंच सांगितलं की पलीकडच्या काठावर आमच्या गावची दोन माणसं ओझी घेऊन महादेवची वाट पाहत उभी होती. बानं त्यांना विचारलंही होतं. "चला ना, रिकामाच जाऊन राह्यलो." ती दोघं आभाळाकडे पाहत राहिली. बानं डोंगा सोडला.

वरच्या घाटासमोर नदीच्या मध्याला थोडं उथळ होतं. तिथं बानं वल्हं ठेवून बांबू घेतला. मी भांडी घासता घासता मान वर केली तेव्हा त्यानं बांबू पाण्यात खुपसला होता आणि तो निघत नव्हता. खाली चिकणमाती. त्यानं दोन्ही हातांनी ओढला. बांबू हलला नाही, डोंगा मात्र पुढं सरकला. बाचे पाय डोंग्यात, हात बांबूवर, मधला माणूस ताणला जाऊ लागला. मग पायांखालून डोंगा निघून गेला आणि बा पाण्यावर बांबूला लोंबकळत राहिला.

वरच्या घाटावर हशा उठला.

महादेवचा डोंगा तेव्हा वरच्या घाटालाच होता, माणसांनी भरलेला, सुटायच्या तयारीत. त्यातली माणसं हसली, घाटावरची माणसं हसली, धुणं धुणाऱ्या बाया हसल्या. दिसायला ते हसण्यासारखंच होतं, ही गोष्ट मला अजून गिळता येत नाही. लंगुरासारखा माणूस काठीला लटकलेला. मग बांबू हळूहळू कलला आणि बा पाण्यात गेला. एकदा डोकं वर आलं. मग आणखी खाली, आमच्या घाटाच्या समोर, एकदा. त्याचं धोतर फुगून त्याच्या भोवती गुंडाळलं होतं. मी "बा!" म्हणून ओरडली. त्याचं तोंड माझ्याकडे होतं, पण त्यानं मला पाहिलं की नाही कोण जाणे. नंतर नुसतं पाणी.

हसणं कधी थांबलं ते मला आठवत नाही. महादेवचा डोंगा मात्र जागचा हलला नाही.

त्या डोंग्यात गुलाबराव म्हणून एक माणूस होता, तेव्हा विशीतला. खूप वर्षांनी, मी शिक्षिका झाल्यावर, राळेगावला एका लग्नात तो मला भेटला. पांढरी टोपी, हातात काठी. "तू तुळशीरामची विमल ना? तुहा बा डोंग्यातून पडला होता, याद आहे ना तुले? कसा लटकला होता बांबूले!" आणि तो मनापासून, प्रेमानं हसला. जुन्या गावची गंमत म्हणून. माझ्या ताटात बुंदी होती. ती मी चिवडत राहिली. मग न राहवून विचारलं, "काका, माह्या बाले काढाले डोंगा न्याचा म्हनून महादेवबुवानं तुमाले उतरा म्हनलं होतं ना?"

"म्हनलं होतं."

"मग उतरले काहून नाही?"

तो विचारात पडला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "कोनीच उतरलं नाही न वो," तो म्हणाला. "मंग मी एकटा कसा उतरू?"

एवढं बोलून तो आपल्या काठीच्या मुठीकडे पाहत बसला. मीही बसली. त्या दिवशी लाजायला हवं होतं त्यानं, आणि कदाचित लाजलाही असेल. पण कान माझेच तापले होते.

बा पडला त्या दुपारी वस्तीतली माणसं काठाकाठानं धावली. आमचा डोंगा वळणावरून दिसेनासा झाला होता. बांबू तेवढा नदीच्या मध्यात तिरपा उभा होता. संध्याकाळ व्हायला लागली आणि पलीकडच्या काठावर बाया येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर गवताचे भारे, आपल्या डोंग्याची वाट पाहत. त्यांना काही माहीत नव्हतं. आमच्या घाटावरून कुणी हात हलवत होतं, कुणी ओरडत होतं, पण वाऱ्यानं शब्द पोचत नव्हते. मला पलीकडे मायचं हिरवं लुगडं ओळखू येत होतं. तिनं भारा खाली ठेवला होता आणि कपाळावर हात धरून पाहत होती.

तेव्हा महादेवनं डोंगा सोडला. कुणाला विचारलं नाही. वरच्या घाटावरून कुणीतरी त्याला हाक मारली, पण त्यानं मागे पाहिलं नाही. पलीकडे जाऊन तो बायांसमोर उभा राहिला. मायनं पुढं ते बोलणं मला एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता.

"तुळशीराम पडला," तो म्हणाला. "डोंगाही गेला. चला, बसा."

"तू होता तथी?" मायनं विचारलं.

"होतो."

"मंग?"

महादेवनं डोंगा काठाला दाबून धरला. बाया रडायला लागल्या. माय रडली नाही. ती डोंग्यात चढली आणि बसायला फळी असून उभीच राहिली, आणि इतकंच म्हणाली, "दोन वर्सं झाली, महादेवभाऊ. नवरा बुडाला तवा तुहा डोंगा भेटला मले."

दिवस होता तोवर सगळे काठानं शोधत फिरले. माय सगळ्यांच्या पुढं होती. "अवो विमलचे बा! अवो!" तिची हाक ज्वारीच्या शेतांवरून जायची आणि परत यायची नाही. खूप खाली, जिथं नदी वळते, तिथं बाभळीच्या बुडत्या फांदीला एक धोतर अडकलेलं सापडलं. बाचंच. ते पाहून बाया मोठ्यानं रडल्या. माणसांनी खांद्यावरचे दुपट्टे तोंडाला लावले. धोतर पिळून कुणीतरी मायच्या हातात दिलं. आम्ही घरी आलो.

सकाळी उजाडलं तेव्हा माय दारात बसून तेच धोतर न्याहाळत होती. दारात वस्तीतल्या बाया जमलेल्या. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं. ती एकदम उठली, पेटीतून बाचं दुसरं धोतर काढलं, घडी केली आणि काखेत धरून चालायला लागली. माझा मामा म्हणाला, "गिरजा, कोठी चालली? धोतर कायले?"

"हे फाटलं नाही," ती म्हणाली. "सोडलं हाये. पानी धोतर सोडत नाही. मानूस सोडते."

कुणाला काही कळलं नाही. दुःखानं भ्रमिष्ट झाली असं वाटलं असेल. मी तिच्या मागे धावत गेली. ती काठानं गेली नाही, शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं गेली, बाभळीच्या त्या जागेपासून वर, ज्वारीच्या शेतांच्या कडेनं. ज्वारीची पानं दवानं ओली होती आणि हातांना चरचर कापत होती. थोडं चालायची, थांबायची. हाक मारताना आता तिचा आवाज आदल्या दिवसासारखा नव्हता. घरातल्या घरात बोलावं तसा होता.

"धोतर आनलं हो. निंगा आता."

पुढं जायची. पुन्हा तेच. "धोतर आनलं हो. कोनी नाही संगं. विमल हाये फक्त. ते तोंड फिरवून उभी राहीन."

तिसऱ्या की चौथ्या शेतात ज्वारी हलली. वाऱ्यानं हलते तशी नाही. मायनं माझे खांदे धरून मला वळवलं. मी समोरच्या पऱ्हाटीच्या फुलांकडे पाहत उभी राहिली. मागे पानांचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही. मग मायच्या रडण्याचा आवाज, जो तिनं पहिल्यांदाच काढला होता. आणि बाचा, फाटलेल्या गळ्याचा: "डोंगा गेला, गिरजा. सगळ्याइचा डोंगा गेला माह्या हातून."

धोतर पायात गुंडाळून त्याला खाली ओढत होतं, म्हणून त्यानं ते सोडलं होतं. म्हणूनच तो वाचला. बाभळीला धरून काठावर चढला, अंगावर चिंधी नव्हती, आणि ज्वारीत जाऊन बसला. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे हाका मारत त्याच शेताच्या कडेनं गेलो होतो. त्यानं प्रत्येक हाक ऐकली होती. मायची, मामाची, माझी. आणि त्यानं ओ दिली नव्हती.

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं मनात धरून होती. नागडा होता म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. अंधार पडल्यावर तरी येता आलं असतं, हेही मनात यायचं. शेवटी तो थकला, खाटेला लागला, तेव्हा एका दुपारी पाय चेपताना विचारलं. "बा, आमी हाका मारून राह्यलो होतो. तू ओ काहून नाही देल्ली?"

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "ओ देल्ली असती त घरी या लागलं असतं."

पाण्यानं सोडलेल्या माणसाला लाज अशी धरून बसली होती. आपण नदीत मरतो ते पाण्यानं, असं लोक म्हणतात. माझा बा त्या ज्वारीत भुकेनं, थंडीनं, साप चावून मेला असता तर आम्ही त्याला बुडालेला म्हणूनच मोजलं असतं.

घरी येताना तो मायच्या मागे चालला. गावच्या वाटेनं नाही, लांबच्या पांदणीनं. वस्तीत आल्यावर माणसांनी त्याला मिठ्या मारल्या, म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवला. तो लाकडासारखा उभा. मग घरात शिरला आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. आणि बसूनच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या घाटावर आमचा डोंगा बांधलेला दिसला. बाजूची एक फळी फुटलेली, आत चिखल आणि झाडपाला. तो कुणी आणला हे कुणी सांगितलं नाही. पण महादेवच्या दोन्ही तळहातांवर दोरानं सालटं निघालेली वस्तीतल्या बायांनी पाहिली होती. चढत्या पाण्यात डोंगा काठानं ओढत आणायचा म्हणजे काय, ते ज्यानं ओढलं त्यालाच ठाऊक.

डोंगा आल्याचं बाला सांगितलं. तो उठला नाही. त्याला पडल्याची लाज नव्हती फक्त. गाव म्हणत होतं की यांना डोंगा काय चालवता येणार, आणि त्यानं भर दुपारी, सगळ्यांदेखत, गावाचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं. आणि त्याच्यामुळं वस्तीतल्या बायांना महादेवच्या डोंग्यातून यावं लागलं होतं. गावात एक बोलणं फिरायला लागलं, "दीक्षा घेतली, पन पोहनं शिकाचं राह्यलं." शाळेत मला पाहिलं की पोरं काठीला लटकल्यासारखं करून दाखवायची. मी घरी येऊन काही सांगत नव्हती. घर एवढंसं, बा कोपऱ्यात. मी त्याच्या समोर भाकरी ठेवताना त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती आणि तोही माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. दोघांनाही ठाऊक होतं, दुसरा का पाहत नाही ते.

डोंग्याची फुटकी फळी मामानं चिंध्या आणि डांबरानं बुजवली, पण चालवणारा नव्हता, म्हणून बाया पुन्हा घरी बसल्या. महादेवला पुन्हा ताकीद मिळाली होती.

असे किती दिवस गेले मोजले नाहीत. मुगाच्या शेंगा बडवून झाल्या होत्या, माय सूप घेऊन अंगणात मूग पाखडत होती. भर दुपारी महादेव वस्तीत आला. गावातला माणूस असा उघड वस्तीत येत नसे. तो लिंबाखाली उभा राहिला, मान खाली.

"वयनी, तुळशीराम हाये का?"

"हाये," माय म्हणाली. सुपाचा आवाज थांबला नाही.

महादेवनं दाराकडे पाहिलं. आतल्या अंधारात बा बसलेला होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. महादेव त्या अंधाराशीच बोलला. "म्या उतरा म्हनलं होतं लोकाइले. उतरले नाही. ढकलून द्याले पायजे होतं म्या. नाही देल्लं. बसून राह्यलो मीबी." थोडा थांबला. "बांबू फसला की बांबू सोडाचा असते, तुळशीराम. डोंगा नाही सोडाचा. बांबू दुसरा भेटते. हे तुले कोनी सांगतलं नव्हतं. माह्यं काम होतं सांगाचं."

आत बाची पाठ दाराकडेच राहिली.

मायनं सूप खाली ठेवलं. "आता कायले आला?"

"शिकवतो म्हनलं."

"दोन वर्सं कोठी होता?"

महादेवनं मान आणखी खाली घातली. तो तसाच उभा राहिला. त्याच्या जागी दुसरा असता तर निघून गेला असता. माय त्याच्याकडे पाहत राहिली, मग दाराकडे, मग उठून लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला. "ते नाही येनार. चाल, मले शिकव."

वस्ती मागे लोटली. बाई बांबू धरणार, हे कुणी पाहिलं नव्हतं. वरच्या घाटावरही माणसं जमायला लागली. महादेवनं घाटावर पाय धुतले आणि आमच्या डोंग्यात चढला. आमच्या डोंग्यात चढलेला गावातला तो पहिला माणूस. वरच्या घाटावरून शिव्या आल्या. त्यानं डोंग्याची कड धरली, पण तो उतरला नाही. मायनं बांबू घेतला. काठाकाठानं डोंगा गेला, वळला, पुन्हा आला. महादेव बसून हातानं दाखवत होता. आम्ही पोट्टे काठानं चालत होतो. मग बांबू चिखलात फसला. महादेव ओरडला, "सोडा वयनी! बांबू सोडा!" मला काठावरून स्पष्ट ऐकू आलं.

मायनं बांबू सोडला नाही. डोंगा तिच्या पायांखालून निघाला, ती बांबूला लटकली, बासारखीच, आणि धपकन पाण्यात पडली.

वरच्या घाटावर तोच हशा. इकडे कुणीतरी किंचाळलं, "गिरजा पडली!" आणि मागून, वस्तीच्या वाटेनं, बा धावत आला. इतक्या दिवसांत उंबऱ्याच्या बाहेर न पडलेला माणूस, दाढी वाढलेली, उघडा. तो थांबला नाही, तसाच पाण्यात घुसला, हात मारत.

माय पाण्यात उभी राहिली. पाणी तिच्या कमरेइतकंच होतं. लुगडं फुगलेलं, केस सुटलेले, तोंडात चिखल. तिनं चूळ भरून थुंकली.

"अवो, थांबा," ती म्हणाली. "इतकं पानी नाही."

बा तिच्यासमोर उभा राहिला, धापा टाकत. वरच्या घाटावरचं हसणं चालूच होतं. ते दोघांनाही ऐकू येत होतं.

"हसू द्या त्याइले," माय म्हणाली. "मीबी पडली. आता दोघं झालो."

तिनं मुद्दाम बांबू सोडला नाही का, हे मी तिला म्हातारपणी विचारलं, तेव्हा ती चिडली. "मुद्दाम कोन पडते? हात सोडाले भेवच वाटते, तूच धरून पाह्य एकदा." तिच्या डोळ्यांत काही सापडतं का म्हणून मी पाहिलं. काही सापडलं नाही.

पुढं त्या डोंग्यातून कधीही एकटा माणूस गेला नाही. बा आणि माय, किंवा बा आणि मामा, नेहमी दोघं. मी त्याच डोंग्यातून पलीकडच्या मोठ्या शाळेत गेली. गावातलेही हळूहळू बसायला लागले, आधी पावसात अडकलेले, मग सगळेच. त्यांच्याशी बा चांगलं बोलायचा, पण कुणाच्या डोळ्यांत पाहायचा नाही, शेवटपर्यंत. त्या दुपारनं त्याचं काहीतरी नेलं ते परत आणून बांधलं नाही कुणी.

पण त्या दिवशी, कमरेइतक्या पाण्यात, त्यानं मायकडे पाहिलं. मग महादेवनं डोंगा वळवून आणला आणि त्यांच्याजवळ धरून ठेवला. बानं वरच्या घाटाकडे नजर वळवली नाही. मान खालीच होती. तशा खाली मानेनंच तो डोंग्यात चढला, आणि मायला हात देऊन वर ओढून घेतलं.